दाबाखालचा कापूस

शिरपूर-सोनगीरच्या बाजूने आग्रा रस्त्याने येणाऱ्या कापसाच्या गाड्यांना धुळ्याच्या पेठेत शिरण्यापूर्वी पांझरेच्या उत्तर तीरावरचे देवपूर ओलांडावे लागे. 1818 मध्ये पेशवाई संपून इंग्रजी अंमल आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे खानदेशच्या कारभाराचे ठाणे केले, तेव्हापासून या पेठेचा उत्कर्ष सुरू झाला. परंतु तिच्या व्यापाराला जे स्वरूप पुढे आले ते कोणा अंमलदाराच्या हुकुमापेक्षा एका यंत्राच्या दाबाने अधिक घडविले, असे माझे स्पष्ट मत आहे.

कापूस वजनाने हलका, पण आकाराने अवाढव्य. हाताने फिरवायच्या चरकीवर सरकी निराळी करून, रुई पायांनी तुडवून गोणीत भरायची आणि लमाणांच्या बैलांवर किंवा गाड्यांवर लादून थळ घाटातून मुंबईस धाडायची, ही जुनी रीत होती. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे, माल काळवंडे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, हिंदी रुईचे भाव अतोनात चढले, आणि त्याच दशकात आगगाडी खानदेशात पोहोचली. डब्यात आणि जहाजात जागा मोलाची, म्हणून रुई जितकी आवळावी तितका वाहतुकीचा खर्च कमी. या साध्या हिशेबातून वाफेवर चालणारे प्रेस जळगाव-धुळ्यास उभे राहिले. जळगाव लोहमार्गावर असल्याने झपाट्याने वाढले. धुळ्याला मात्र चाळीसगावहून फाटा येईपर्यंत, म्हणजे 1900 सालापर्यंत, बैलगाडीवरच विसंबावे लागले.

प्रेसमधून निघालेली, लोखंडी पट्ट्यांनी जखडलेली 392 पौंडांची गाठ, आणि अशा दोन गाठींची 784 पौंडांची मुंबईची खंडी, हे व्यापाराचे नवे परिमाण झाले. पण ज्या दाबाने माल आटोपशीर झाला त्याच दाबाने तो डोळ्यांआडही गेला. गोणीत हात घालून रुईचा धागा पाहता येई. गाठीच्या पोटात सरकी आहे, पाणी आहे की हलक्या जातीची भेसळ, हे खरेदीदाराला ती फोडल्याविना कळेना. मुंबई सरकारला 1863 मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. तो पुढे रद्द झाला, तक्रारी उरल्या. अखेर 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर क्रमांक आणि प्रेसचे चिन्ह उमटविणे सक्तीचे केले. त्यामुळे दूरच्या बंदरात फोडलेल्या गाठीतील लबाडीचा माग थेट कारखान्याच्या दारापर्यंत लागू लागला. मात्र ज्याने काळ्या जमिनीत तो कापूस पिकविला आणि बाजारात सुटाच विकला, त्या कुणब्याच्या निर्मळ मालाची ओळख गाठीवर कोठेच नव्हती. चांगला आणि वाईट वेचा एकाच दाबाखाली एकजीव होई, आणि वेचणीत घेतलेल्या काळजीचे मोल त्याच्या पदरी क्वचितच पडे.