हेरकथेतील रूपके

‘अस्तनीतला निखारा’ असे आपण किती सहज म्हणून जातो! ज्याला जवळ केले तोच जाळतो, हे त्या दोन शब्दांत आले. इंग्रजीत याच अर्थी आज ‘मोल’ हा शब्द चालतो. मोल म्हणजे जमिनीखाली बोगदे पोखरणारा एक लहानसा प्राणी. वरची हिरवळ जशीच्या तशी! बेकनने सातव्या हेन्रीच्या इतिहासात, १६२२ साली, हेरांना हेच नाव दिलेले आढळते. पण ते लोकांच्या तोंडी बसवले जॉन ल कॅरे यांच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या १९७४ च्या कादंबरीने.

ल कॅरे हे टोपणनाव. खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल. ब्रिटिश हेरखात्यात त्यांनी स्वतः नोकरी केलेली. त्याच खात्यातला एके काळचा बडा अधिकारी किम फिल्बी १९६३ च्या जानेवारीत बैरूतहून नाहीसा झाला, तो मॉस्कोला पोचला. कादंबरीवर त्या फितुरीची सावली आहे.

आता या कादंबरीतल्या कचेरीची बोली पहा. कचेरीचे नाव ‘सर्कस’, कारण ती लंडनच्या केंब्रिज सर्कस या चौकात; पण शब्दाबरोबर कसरती आल्याच. पाळत ठेवणारे, टपाल पोचवणारे ते ‘दिवे लावणारे’. (मराठीत दिवे लावण्याचा अर्थ निराळा, तो सोडा.) अंगरक्षक म्हणजे ‘मुले सांभाळणारे’! फितुराचा संशय ज्यांच्यावर, त्यांना सांकेतिक नावे दिली आहेत ती पोरांच्या गाण्यातली: कल्हईवाला, शिंपी, शिपाई. खलाशी मात्र वगळला, कारण इंग्रजीत ‘सेलर’ आणि ‘टेलर’ कानाला सारखेच लागतात. आपली मुले अडम-तडम करून राज्य कोणावर ते ठरवतात ना, तसाच हा प्रकार. फक्त इथे राज्य ज्याच्यावर येईल त्याचे आयुष्य संपणार.

माझ्या मते हे नुसते अलंकार नव्हेत. असले घरगुती शब्द वापरले की खून, अपहरण हे शब्द फायलीत लिहावेच लागत नाहीत. हिशेब मात्र खरा असतो. ब्रिटन-अमेरिकेने १९४९ पासून चोरून अल्बानियात उतरवलेली कितीतरी माणसे पकडली गेली, मारली गेली; आणि ती मोहीम फिल्बीला ठाऊक होती.

याच कादंबरीतला ‘हनी ट्रॅप’, म्हणजे मधाचा सापळा, आता मराठी वर्तमानपत्रांत जसाच्या तसा छापला जातो. जुन्या संस्कृत नाटककाराने त्याच्या जवळपासच्या कामाला शब्द योजला होता ‘विषकन्या’. त्यात मध नाही. विष आहे, ते उघड सांगितलेले.