देऊळ, तालीम आणि वाढत्या वयाची मुले

मारुतीचे देऊळ आणि त्याच्या शेजारी तालीम ही महाराष्ट्रातील फार जुनी जोडी होय. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी चाफळ, मसूर, उंब्रजपासून बत्तीस शिराळ्यापर्यंत अकरा मारुती स्थापिले आणि बलोपासनेला देवाचे अधिष्ठान मिळाले. पोराने आखाड्यात पाऊल टाकण्यापूर्वी तेथील माती कपाळाला लावावयाची, ही रीत त्या जोडीतलीच.

राजपुरीच्या खाडीकाठी वसलेले आगरदांडा 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होते. अशा बंदराच्या गावात तालमीवाचूनही मुलांची अंगे घडत. वल्हे मारणे, जाळे ओढणे, माडावर चढणे हीच त्यांची कसरत. पुढे होड्यांना यंत्रे बसली आणि दिघीला मोटारीही बोटीने जाऊ लागल्या. कामातून आपसूक होणारा व्यायाम आता मुद्दाम करावा लागतो, आणि तो किती व कसा, हा प्रश्न तेथूनच उभा राहतो.

हा प्रश्न जुन्यांनाही पडला होता. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांचे वय, अंगलट आणि बळ यांवरून वर्ग पाडले आहेत. सर्वांना एकच माप लावलेले नाही. आयुर्वेदाने तर अर्ध्या शक्तीचा नियम घालून दिला. श्वास तोंडावाटे येऊ लागला की निम्मे बळ खर्ची पडले, ही खूण सुश्रुतसंहितेत आहे. वाग्भटाने थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीपर्यंत आणि इतर ऋतूंत त्याहून हलका व्यायाम सांगितला. दमट किनाऱ्यावरच्या वैशाखात हे किती खरे आहे, ते येथील माणसाला वेगळे सांगावयास नको. बालकांनी मात्र व्यायाम टाळावा, असेही वाग्भट म्हणतो. तेवढे आजचे शास्त्र मानीत नाही.

तालमीने मधला मार्ग काढला. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. मल्लखांबात मूल स्वतःच्याच अंगाचा भार पेलते. मूल वाढते तसा भारही वाढतो, याहून सोपे माप कोणते? आधी साधी अढी, मग पुढचे उड्डाण. चांगला वस्ताद नव्या पोराला मोजकेच दंड व बैठका देई. जड करेला पेलणे ही मिसरूड फुटल्यानंतरची गोष्ट. अमरावतीला 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने देशी खेळ जगाला दाखविले. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराची स्थापना 1925 ची. तेथील उदय देशपांडे यांना मल्लखांबाच्या सेवेबद्दल 2024 साली पद्मश्री मिळाली. दोरीच्या मल्लखांबावर आज मुलीही तयार होतात, हे विशेष.

‘वजन उचलले की पोराची उंची खुंटते’ ही समजूत घरोघरी आहे. जाणत्याच्या देखरेखीखाली केलेल्या बेताच्या व्यायामाने उंची खुंटत नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते. पण भीती अगदीच पोकळ नाही. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ पट्टा असतो, तेथून हाड लांब होते. मुलींत साधारण 14-15 आणि मुलांत 16-17 व्या वर्षी तो भरून येतो. तोवर त्याला मोठी इजा झाली तर हाडाची वाढ बिघडू शकते. ही इजा होते ती पडण्याने, चुकीच्या ढबीने, किंवा इरेला पेटून एका दमात जास्तीत जास्त वजन उचलण्याने. चौदा वर्षांचा मुलगा थोरल्या भावाशी पैज लावतो, धोका तेथे आहे.

वयात येण्यापूर्वी बळ वाढते ते मुख्यतः मज्जातंतू व स्नायू यांचा मेळ जमल्याने. दंडाला बेडकुळी आली नाही म्हणून पोराने खट्टू होऊ नये, आणि बापाने डब्यातली पूड आणू नये. भाकरी, डाळ, दूध, मासळी यांवर भागते. एखादी कसरत 10 ते 15 वेळा नीट ढबीत जमली, तरच भार थोडा वाढवावा. आठवड्यात अशी कसरत दोन-तीन दिवस, मध्ये विसावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी एक तास दमविणारी हालचाल आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. कबड्डी, पोहणे, झाडावर चढणे यांत त्यातले पुष्कळ येते. सांधा दुखू लागला तर मात्र थांबावे. ‘दुखल्याशिवाय बळ येत नाही’ हे मुलांच्या बाबतीत खोटे आहे.

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की पहिली देणगी फरशीला मिळते. सभामंडपाला ती शोभते, पण ओली झाली की मुलांच्या उड्यांना ती वैरीण. खांबाभोवती भुसभुशीत मातीचा हौदाच हवा. तांबडी माती चाळून त्यात तेल, ताक व हळद मुरविण्याची तालमीची जुनी रीत आहे. खर्च फारसा नाही, मात्र हौद्यावर छप्पर घालावे लागते, नाहीतर एका आषाढातच ती माती खाडीला मिळावयाची.