कापूर एक, झाडे तीन

भाद्रपदात पेणचे गणपती घरोघर पोचतात आणि आरतीच्या अखेरीस तबकात कापूर पेटतो. त्याच घरात एखाद्या मुलाला सर्दी झाली असेल, तर आजी खोबरेल तेलात कापूर विरघळवून त्याची छाती चोळते. पेण असो वा रोहे, कापूर देव्हाऱ्यातही असतो आणि आजीच्या बटव्यातही. पण हा कापूर कोणत्या झाडाचा, असे वर्गात विचारले तर? उत्तर वाटते तितके सोपे नाही. नाव तेच राहिले. त्यामागचे झाड मात्र दोनदा बदलले.

चरकसंहितेत मुखशुद्धीसाठी तोंडात धरायच्या पदार्थांमध्ये कापराचा 'निर्यास' सांगितला आहे. निर्यास म्हणजे झाडातून पाझरणारा रस. हे वर्णन सुमात्रा-बोर्निओकडच्या ड्रायोबॅलॅनॉप्स या उंच वृक्षाशी जुळते. हा आपल्या सालवृक्षाच्या कुळातला. त्याच्या खोडातल्या भेगांमध्ये स्फटिक आयतेच सापडतात. जुना भीमसेनी कापूर तो हाच. रसायनशास्त्रात त्याला बोर्निऑल म्हणतात.

दुसरे झाड चीन, तैवान आणि जपानमधले, सिनॅमोमम कॅम्फोरा. हे दालचिनीच्याच प्रजातीतले. याच्या लाकडाच्या ढलप्या वाफेवर उकळून, वाफ थंड करून कापूर मिळवतात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात पक्व आणि अपक्व असे कापराचे दोन प्रकार सांगून अपक्व अधिक गुणकारी मानला आहे, आणि चिनी कापूर वेगळा नोंदवला आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्यातही बोर्निओचा महागडा आणि चीनचा स्वस्त कापूर असा भेद आहे. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथले चौल त्या काळी पोर्तुगीजांचे गजबजलेले बंदर होते. आपल्या रानात यांपैकी एकही झाड मूळचे नाही; कापूर आला तो समुद्रावरूनच.

तिसरे झाड आणले कारखान्यांनी. 1870 च्या सुमारास अमेरिकेत हयात बंधूंनी सेल्युलॉइड बनवले. त्याला लवचीकपणा आणण्यासाठी कापूर लागे. पुढे चित्रपटांच्या फितीही सेल्युलॉइडच्याच होऊ लागल्या. 1895 मध्ये तैवान जपानकडे गेले आणि 1899 मध्ये तिथल्या कापरावर सरकारी मक्तेदारी आली. साहजिकच रसायनशास्त्रज्ञ दुसरा मार्ग शोधू लागले. ब्रेट यांनी 1893 मध्ये कापराच्या रेणूची रचना मांडली होती. फिनलंडच्या कोम्पा यांनी 1903 मध्ये तो प्रयोगशाळेत घडवला. पाइन वृक्षाच्या डिंकापासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनपासून कापूर करण्याचा उद्योग मग उभा राहिला. पेण तालुक्यातल्या खारपाड्याहून सावरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खालापूर तालुक्यातील कुंभिवली येथे, असाच एक कारखाना आहे. आज आरतीत जळणारा बहुतेक कापूर या तिसऱ्या झाडाचा असतो.

हा फरक नुसता नावाचा नाही. बोर्निऑलच्या रेणूत हायड्रोजनचे 18 अणू असतात, कापराच्या रेणूत 16. म्हणजे पदार्थच वेगळा. जुन्या ग्रंथातले प्रमाण वाचून दुकानातली वडी पोटात घेणे म्हणूनच धोक्याचे. पोटात गेलेल्या कापराने लहान मुलांना काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. अमेरिकेत 1983 पासून बाहेरून लावण्याच्या औषधांतही कापराचे प्रमाण 11 टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही.

मग आजीचा अनुभव खोटा होता का? नाही. कापूर त्वचेतल्या आणि नाकातल्या गारवा व उष्णता जाणवणाऱ्या चेतातंतूंना चाळवतो, म्हणून बरे वाटते. चोंदलेले नाक मात्र त्याने प्रत्यक्षात मोकळे होत नाही. तान्ह्या मुलांच्या नाकाला किंवा छातीला कापूर लावू नये, आणि वड्या त्यांच्या हाती लागतील अशा ठेवू नयेत, एवढे पालकसभेत जरूर सांगावे.

वर्गासाठी एक प्रयोग: स्वच्छ बशीत पाणी घेऊन त्यावर कापराचा बारीक तुकडा सोडा. तो तरंगत गरगर फिरू लागेल. मग पाण्याला तेलाचे बोट लावा, तो थांबेल. असे का, हे मुलांनाच शोधू द्या. शोधता शोधता पृष्ठताणाशी त्यांची ओळख होईल. मात्र प्रयोग संपल्यावर उरलेला कापूर मोजून डबीत ठेवायला विसरू नका.