सरळ काड्यांचा मनोरा

रशियन क्रांतीचा धडा मुलांना परीक्षेपुरता पाठ असतो. झार गेला, लेनिन आला, १९१७ साल लक्षात ठेवा. पण त्या क्रांतीनंतर लगेचच, यादवी युद्ध चालू असताना आणि लोखंडापासून भाकरीपर्यंत सगळ्याचीच चणचण असताना, मॉस्कोत १५० मीटर उंचीचा एक पोलादी मनोरा उभा राहिला. तो उभारणाऱ्या इंजिनिअरच्या डोक्यावर सरकारनं मृत्युदंडाची तलवार टांगून ठेवली होती. त्याचं नाव व्लादिमीर शुखोव. मी आजवर शिकवलेल्या एकाही पुस्तकात हे नाव आलेलं नाही. मला ते एका जुन्या फोटोखाली सापडलं, आणि त्या नावाचं मोल कळलं ते प्लास्टिकच्या पट्ट्या कापता कापता.

मी उर्दू आणि मराठीचा शिक्षक. इंजिनिअरिंगशी माझा संबंध नाही. तरी गेल्या पावसाळ्यापासून रात्रीचं जेवण झालं की मी शुखोवच्या पहिल्या मनोऱ्याची प्रतिकृती करत बसतो. बाजारात विमानांची, रणगाड्यांची किट मिळतात; भाग आयते असतात, आपण फक्त चिकटवायचे. रशियातल्या पाण्याच्या टाकीचं किट कोण काढणार? म्हणून सगळे भाग घरीच कापलेत. प्रमाण एकास शंभर, म्हणजे खऱ्यातला एक मीटर माझ्या टेबलावर एक सेंटिमीटर. मूळ मनोरा टाकीसकट सुमारे ३७ मीटरचा, माझा ३७ सेंटिमीटरचा. एवढ्याशा वस्तूत किती इतिहास मावतो, ते सांगण्यासाठी हा लेख.

शुखोवचा जन्म १८५३चा. १८७६मध्ये तो अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनाला गेला होता. तिथं त्याची अलेक्झांडर बारी या उद्योजकाशी ओळख झाली आणि पुढं अनेक वर्षं तो बारीच्या कंपनीत काम करत राहिला. त्याची पहिली मोठी कामं बाकूची. आजच्या अझरबैजानचं हे शहर तेव्हा तेलाच्या विहिरींसाठी गाजत होतं. विहिरीतलं तेल कारखान्यात न्यायचं ते पिंपांत भरून गाढवांवर आणि गाड्यांवर. १८७८मध्ये शुखोवनं तिथं रशियातली पहिली तेलवाहिनी टाकली. मग तेलाच्या टाक्या, बॉयलर, तेल वाहणाऱ्या नौका, छपरं. या माणसाच्या कामांची यादी वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते: तेच काम कमीत कमी लोखंडात कसं होईल, हा त्याचा ध्यास होता.

१८९६मध्ये नीज्नी नोवगोरोद या शहरात अखिल रशियाचं मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. तिथल्या आठ मंडपांची छपरं शुखोवची. त्याखेरीज प्रदर्शनाला पाणी पुरवण्यासाठी एक उंच टाकी हवी होती. उंचीशिवाय नळाला दाब येत नाही, हे आपल्या गावोगावच्या टाक्या पाहून आपल्याला ठाऊकच आहे. पण उंचावर पाणी ठेवायचं म्हणजे खाली तेवढंच दणकट काहीतरी हवं. त्या काळी त्याचा अर्थ विटांचा जाडजूड बुरूज. शुखोवनं मात्र लोखंडी अँगलच्या ८० सरळ पट्ट्या घेतल्या. अर्ध्या एका बाजूला कलत्या लावल्या, अर्ध्या दुसऱ्या बाजूला, मधून आडवी कडी घातली आणि वर टाकी बसवली. दुरून पाहिलं तर मनोऱ्याला बाक दिसतो, अंगानं तो कमरेत बारीक वाटतो. जवळ जाऊन पाहिलं तर एकही पट्टी वाकलेली नाही.

हे वाचून कळत नाही. मलाही फोटो पाहून कळलं नव्हतं. घरातल्या दोन बांगड्या घ्या. त्यांच्या कडेला समोरासमोर वीसेक दोरे बांधा आणि बांगड्या एकीवर एक, ताणून धरा. दोऱ्यांचा उभा नळा दिसेल. आता खालची बांगडी तशीच ठेवून वरची हळूहळू फिरवा. दोरे तिरके होतात आणि नळ्याला कंबर पडते. दोरा प्रत्येक सरळच आहे, बाक आहे तो सगळ्यांच्या मिळून आकारात. आणखी फिरवत गेलात तर शेवटी सगळे दोरे मधोमध एका ठिकाणी येऊन भिडतात. नळा आणि तो बिंदू या दोहोंच्या मधे कुठंतरी शुखोवचा मनोरा आहे.

त्याला हे कसं सुचलं याची एक गोष्ट सांगतात. त्याच्या कचेरीत वेताची एक टोपली पालथी ठेवलेली होती आणि तिच्यावर कुणीतरी झाडाची जड कुंडी ठेवली होती. टोपली दबली नाही. गोष्ट खरी असो नसो, पटण्यासारखी आहे. कारण हा आकार आपल्या ओसरीतही होता. वेताच्या किंवा सरकंड्याच्या काड्या तिरक्या लावून बसायला जे बैठं आसन करतात, त्याला उर्दूत मोंढा म्हणतात. (वर्गात हा शब्द आला की मुलं हसतात, कारण मराठवाड्यात मोंढा म्हणजे धान्याचा बाजार.) त्या मोंढ्याची घडण बघा: सरळ काड्या, वर आणि खाली एक एक कडं, आणि मधे कंबर. दोन मणांचा माणूस त्याच्यावर खुशाल बसतो. बुरुडाच्या हातात असलेली ही गोष्ट शुखोवनं लोखंडात आणली, गणितात बसवली आणि तिचं पेटंट घेतलं. त्यानं अर्ज १८९६मध्ये केला, पेटंट १८९९मध्ये मिळालं. मला यात कुणाचं काही चोरलं असं वाटत नाही. पण टोपली विणणाऱ्यांचं नाव कुठल्याच पेटंटवर नसतं, हेही लिहून ठेवायला हवं.

आता माझ्या टेबलाकडे. पट्ट्यांसाठी आधी प्लास्टिकच्या खराट्याच्या काड्यांचा विचार होता. त्या लांब, बारीक, स्वस्त. पण खराट्याचं प्लास्टिक वेगळं, त्याला कुठलाच गोंद धरत नाही. म्हणून खेळणी आणि पाट्या करतात त्या पांढऱ्या पॉलिस्टायरिनची एक मिलिमीटर जाडीची शीट आणली आणि स्टीलची पट्टी धरून कटरनं दीड दीड मिलिमीटरच्या काड्या कापल्या. या प्लास्टिकला थिनरचा ब्रश लावला की ते पृष्ठभागावर विरघळतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. खिडकी मात्र उघडी हवी. मधल्या कड्यांसाठी बांगड्यांच्या दुकानात गेलो. बांगड्यांची मापं फार सोयीची: दोन-आठ, दोन-सहा, दोन-चार, आणि लहान मुलींच्या एक-दहापर्यंत. दुकानदारानं एवढ्या मापांची एक एक बांगडी कुणाला हवी म्हणून विचारलं. मी म्हटलं, एका रशियन बाईला. तळाचं कडं त्याहून मोठं, ते बरणीच्या झाकणाची कडा कापून केलं. टाकी म्हणजे नळाच्या पाइपाचं टोपण.

पहिल्या चाळीस काड्या एकाच दिशेनं कलत्या लावून झाल्या, तेव्हा सगळं हेलकावत होतं. नुसतं बोट लावलं तरी मनोरा पिळवटून खाली बसायचा. उलट्या दिशेच्या काड्या एकेक करून लागत गेल्या तशी ती पिळवटण्याची वाट बंद होत गेली. एक काडी ज्या बाजूला पडू पाहते, त्याच बाजूनं दुसरी तिला अडवते. जिथं जिथं त्या एकमेकींना छेदतात तिथं चिकटवलं, की लांब काडीचे लहान लहान तुकडे पडल्यासारखं होतं आणि लहान काडी सहजी वाकत नाही. शेवटी मधल्या बांगड्या बसल्या. आज त्या मनोऱ्यावर मी शब्दकोशाचा जाडा खंड ठेवतो. मनोऱ्याचं स्वतःचं वजन एका वहीएवढंही नाही.

शुखोवची खरी हुशारी इथं आहे, असं मला वाटतं. लोखंड वाकवायला भट्टी लागते, साचा लागतो, कसबी कारागीर लागतो. सरळ अँगल गिरणीतून निघतो तसाच वापरता येतो. वाऱ्याला अडायला भिंत नाही, जाळी आहे. वारा आरपार जातो. ज्या देशाकडं पोलाद कमी होतं, त्या देशाला जमेल असं हे बांधकाम होतं. प्रदर्शन संपल्यावर काचेच्या कारखान्यांचे मालक नेचायेव-माल्त्सोव यांनी हा मनोरा विकत घेतला आणि पोलिबिनो गावातल्या आपल्या जहागिरीत नेऊन उभा केला. तो अजून तिथं आहे. त्यानंतर शुखोवनं असे अनेक मनोरे बांधले. १९११मध्ये खेरसोनजवळ पाण्यात एक दीपस्तंभ बांधला तोही याच जातीचा. आपला मराठी ‘मनोरा’ ज्या अरबी ‘मनारा’वरून आला, त्याचा मूळ अर्थ उजेडाची जागा, दीपस्तंभ. भाषेच्या मास्तरला अशा जागी थोडं थांबावंसं वाटतं.

आणि मग शाबोलोव्का. मॉस्कोतल्या या रस्त्यावर रेडिओचा मनोरा उभारण्याच्या हुकमावर लेनिननं ३० जुलै १९१९ रोजी सही केली. नव्या सरकारला दूरदूरच्या प्रांतांशी आणि परदेशांशी बोलायचं होतं. शुखोव तेव्हा ६५ वर्षांचा. त्याचा पहिला आराखडा ३५० मीटरचा होता, आयफेल टॉवरहून उंच. आयफेल टॉवरला ७३०० टन लोखंड लागलं होतं. शुखोवच्या हिशेबानं त्याचा मनोरा २२०० टनांत होणार होता. पण तेवढंही पोलाद देशात नव्हतं. उंची १५० मीटरवर आणली गेली. माझ्या प्रमाणात मूळ आराखडा साडेतीन मीटरचा होतो, म्हणजे वर्गाच्या छतातून वर जाईल. जो झाला तो दीड मीटरचा, सातवी-आठवीतल्या मुलाएवढा.

तो उभारण्याची पद्धत वाचून मी थक्क झालो. परांची नाही, मोठी क्रेन नाही. पंचवीस पंचवीस मीटरचे सहा टप्पे. पहिला टप्पा जमिनीवर उभा करायचा. दुसरा त्याच्या पोटात, जमिनीवरच जोडायचा. मग कप्प्या आणि रहाटांनी तो आतून वर ओढायचा. पहिल्याच्या वरच्या कड्यातून तो पार व्हावा म्हणून त्याचा खालचा घेर बांधून आत खेचायचा, वर गेल्यावर सोडायचा आणि रिव्हेट ठोकायचे. मग तिसरा, मग चौथा. दुर्बिणीची नळी उघडावी तसा मनोरा स्वतःच्याच आतून वाढत गेला.

२९ जून १९२१ला चौथा टप्पा वर ओढताना तिसरा मोडला. चौथा खाली कोसळला आणि जाताना खालच्या दोन्ही टप्प्यांना इजा करून गेला. माणसं वाचली. शुखोवची चौकशी झाली. महिन्याभरात त्याला शिक्षा सुनावली गेली: मृत्युदंड, पण अटीवर स्थगित. म्हणजे मनोरा पुरा कर, मग बघू. त्यानं तो पुरा केला. १९ मार्च १९२२ रोजी तिथून रेडिओचं प्रक्षेपण सुरू झालं. पुढं अनेक वर्षं सोव्हिएत टेलिव्हिजनही तिथूनच गेलं आणि मनोऱ्याचं चित्र त्या देशाचं निशाण झालं.

शुखोव क्रांतीचा भक्त नव्हता, देश सोडूनही गेला नाही. त्यानं आपल्या टिपणात लिहून ठेवलं होतं की राजकारण कुठलंही असो, आपण काम करत राहायचं. मनोरे, बॉयलर आणि छपरांच्या कैच्या लागतच राहणार, तेव्हा आपणही लागणार. या वाक्यावर मी बरेच दिवस अडकलो. एका बाजूनं ते कारागिराचं स्वाभिमानी वाक्य आहे. राज्य बदलतं, हातातलं कसब आपलं राहतं. आपल्या वस्त्यांमधले वेल्डर, लूमचे मिस्त्री, गवंडी हेच वेगळ्या शब्दांत म्हणतात, आणि त्यांच्या पोटाला तोच आधार असतो. दुसऱ्या बाजूनं, ज्या सरकारला तुमची गरज आहे ते तुम्हाला जिवंत ठेवील एवढाच त्या वाक्याचा भरवसा आहे. ज्याच्या हातात असं अडून राहणारं कसब नव्हतं, त्या रशियन माणसांचं पुढच्या वीस वर्षांत काय झालं ते जगाला ठाऊक आहे. शुखोव १९३९पर्यंत जगला. उपयोगी पडणं ही नागरिक असण्याची अट होऊ नये, असं मला हा इतिहास वाचताना वाटत राहिलं. शुखोवला हे कळत नसेल असं मी मानत नाही. त्याच्यासमोर दुसरा रस्ता कोणता होता, हा प्रश्न वर्गात विचारला तर मुलं तासभर भांडतील.

ओका नदीवरून विजेच्या तारा नेण्यासाठी त्यानं १९२०च्या दशकाच्या शेवटी बांधलेल्या मनोऱ्यांपैकी आता एकच उरलाय. एक तर २००५मध्ये बेकायदा कापून भंगारात गेला. शाबोलोव्काचा मनोरा गंजत होता. २०१४मध्ये तो उतरवण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा मॉस्कोतल्या लोकांनी आणि जगभरच्या वास्तुकारांनी आवाज उठवला आणि तो वाचला.

मी आता त्याचीच प्रतिकृती सुरू केलीय, एकास दोनशे प्रमाणात. एकूण पाऊण मीटर, सहा टप्पे, प्रत्येक साडेबारा सेंटिमीटरचा. टप्पे बाहेर करून एकावर एक चिकटवणं सोपं आहे. मी ते आतूनच वर ओढणार आहे, दोरा आणि सुईच्या नेढ्याच्या कप्प्या लावून, शुखोवच्या माणसांनी ओढले तसे. दोन टप्पे वर गेलेत. तिसरा पहिल्याच्या पोटात जोडून तयार आहे, त्याचा खालचा घेर शिवणाच्या दोऱ्यानं आवळून ठेवलाय, आणि रविवारी वर ओढायला आठवीतली दोन मुलं येणार आहेत.