सात थरांचा हरलेला आराखडा आणि जिंकलेले इंटरनेट

१/१२
संगणक-जाळ्यांच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसणारा प्रत्येक विद्यार्थी आरंभीच सात थरांची नामावली पाठ करतो: फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. हा ‘ओएसआय’ आराखडा. पुढच्याच प्रकरणात त्याला कळते, की प्रत्यक्ष इंटरनेट ‘टीसीपी/आयपी’ या वेगळ्याच संचावर चालते. मग हे सात थर शिकायचे कशासाठी? उत्तर इतिहासात आहे.

२/१२
प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी परस्परांशी कसे बोलायचे याचे आधी ठरलेले नियम. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे अर्पानेटवरचा पहिला संदेश निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली.

३/१२
अर्पानेटचा पहिला प्रोटोकॉल ‘एनसीपी’. जाळे प्रत्येक संदेश सुखरूप पोहोचवते, असे तो गृहीत धरी. एकाच जाळ्यापुरते हे चालून गेले. पण रेडिओ आणि उपग्रहावरची जाळी उभी राहू लागली, तेव्हा हे गृहीतक लंगडे पडले. तिथे पॅकेटे हरवत, उशिरा येत, क्रम सोडून येत.

४/१२
याच सुमारास फ्रान्समध्ये लुई पूझँ यांनी ‘सिक्लाद’ हे जाळे उभारले. जाळ्याने पॅकेट फक्त पुढे ढकलावे. ते पोहोचले की नाही, हे दोन्ही टोकांच्या संगणकांनी पाहावे, हा त्यांचा विचार. युरोपातील सरकारी टपाल व दूरध्वनी खात्यांना तो रुचला नाही. त्यांना टेलिफोनसारखी, आपल्या ताब्यातली जोडणी हवी होती. १९७६ मध्ये त्यांच्या पसंतीचे ‘एक्स.२५’ हे मानक संमत झाले.

५/१२
अमेरिकेत व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी पूझँ यांच्या विचाराचा लाभ घेतला. मे १९७४ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १९७८ मध्ये कामाची विभागणी झाली. आयपीने पत्ता पाहून पॅकेट पुढे न्यायचे, हमी काहीच द्यायची नाही. टीसीपीने अनुक्रमांक द्यायचे, पोच मागायची आणि हरवलेले पुन्हा पाठवायचे. परीक्षेत हमखास विचारली जाणारी ‘सिन, सिन-ॲक, ॲक’ ही तीन पायऱ्यांची ओळखपरेड याच व्यवस्थेचा भाग.

६/१२
१ जानेवारी १९८३ हा स्थित्यंतराचा दिवस ठरला. त्या दिवसापासून अर्पानेटवर एनसीपीला थारा नव्हता. १९८२ मध्येच एनसीपी काही काळ मुद्दाम बंद ठेवून दिरंगाई करणाऱ्यांना इशारा देण्यात आला होता. तरीही मागे राहिलेले संगणक जुळवून घेण्यात पुढे काही महिने गेले.

७/१२
दरम्यान आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने (आयएसओ) दुसरा मार्ग धरला होता. आयबीएमने १९७४ मध्ये आपली ‘एसएनए’ ही स्वतंत्र रचना बाजारात आणली होती. एकाच कंपनीची मक्तेदारी इतरांना नको होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स बाखमन यांच्या अध्यक्षतेखाली काम सुरू झाले आणि १९८४ मध्ये सात थरांचा आराखडा अधिकृत मानक झाला.

८/१२
हेतू उदात्त होता: कोणत्याही कंपनीचा संगणक कोणाशीही बोलू शकावा. परंतु समितीत प्रत्येकाचे समाधान करणे भाग होते. परिणामी एकट्या ट्रान्सपोर्ट थरासाठीच प्रोटोकॉलचे पाच वर्ग मान्य करावे लागले. तरीही भविष्य ओएसआयचेच, असा सर्वत्र समज होता. ज्या अमेरिकन सरकारच्या पैशाने टीसीपी/आयपी जन्मले, त्यानेच १९८८ मध्ये आपल्या खात्यांसाठी ओएसआयचा पुरस्कार करणारे धोरण आणले.

९/१२
पारडे फिरले ते वापरामुळे. १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये टीसीपी/आयपी अंतर्भूत होऊन ते विद्यापीठांत पसरले. त्याची ‘आरएफसी’ ही दस्तऐवजमाला कोणालाही विनामूल्य मिळे. आयएसओची मानके विकत घ्यावी लागत. एका बाजूला चालणारी प्रणाली होती, दुसरीकडे समित्यांचे मसुदे.

१०/१२
शेवटची चकमक १९९२ ची. आयपीचे पत्ते संपतील या भीतीने इंटरनेटच्या वरिष्ठ मंडळाने ओएसआयचा एक प्रोटोकॉल पायाभूत धरण्याचा प्रस्ताव मांडला. अभियंत्यांनी तो जुलैमधील केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या बैठकीत उधळून लावला. मतदानाऐवजी साधारण सहमती आणि प्रत्यक्ष चालणारा कोड, हे डेव्हिड क्लार्क यांनी तिथे मांडलेले सूत्र पुढे त्या समुदायाचे ब्रीदच झाले.

११/१२
भारतानेही हे द्वैत अनुभवले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आणि आयआयटी सहभागी होत्या. त्याच्या मुख्य वाहिन्यांवर टीसीपी/आयपी आणि ओएसआय हे दोन्ही संच चालवले जात. १९९५ नंतर जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी/आयपीकडे गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले.

१२/१२
ओएसआय पूर्णपणे पुसले गेले नाही. मोठ्या सेवादात्यांच्या जाळ्यांत आजही मार्ग ठरवणारा ‘आयएस-आयएस’ हा त्याच घराण्यातला. त्याहून टिकाऊ ठरली ती त्याची परिभाषा. ‘लेयर थ्री स्विच’ म्हणताना अभियंता याच आराखड्याचे आकडे वापरतो. जोडणी तुटली, की तो आधी केबल पाहतो, मग पत्ता, मग पोर्ट आणि शेवटी ॲप्लिकेशन. चौकशीचा हा क्रमही याच थरांचा. प्रोटोकॉलच्या स्पर्धेत मागे पडलेला आराखडा दोष शोधण्याची शिस्त म्हणून उरला, आणि म्हणूनच तो अभ्यासक्रमात पहिला येतो.