अटकेची वही आणि आपला इतिहास

इतिहासाची साधने म्हणून ताम्रपट, सनदा, बखरी यांची नावे घेतली जातात. यांतले एकही साधन आमच्या वाट्याला आले नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव सरकारी कागदावर चढले ते बहुधा दोनच ठिकाणी: वतनाच्या यादीत, नाहीतर ठाण्याच्या वहीत. वतनाची यादी संशोधकांनी पाहिली. ठाण्याची वही अजून कोणी नीट उघडलेली नाही. ती उघडली पाहिजे, असे मला का वाटते ते सांगण्यासाठी हा लेख.

माझा आजा निजामी अमलात गावचा वेसकर होता. गावात खून, चोरी झाली की खबर घेऊन ठाण्याला धावत जायचे काम त्याचे. तेव्हा पोलीस म्हणजे कोतवाली, ठाण्याचा साहेब म्हणजे अमीन आणि जिल्ह्याचा मोहतमीम. लिखापढी उर्दूत, साल फसली. खबर आजा न्यायचा, पण वहीत ती पाटलाच्या नावाने चढायची. आजाचे नाव वहीत यायचे ते संशयित म्हणूनच. खबर देणारा म्हणून बिनमोलाचा आणि आरोपी म्हणून सदा हाताशी, ही आमची आणि ठाण्याची जुनी ओळख.

27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे, जनार्दन मवाडे यांचे बळी गेले. जळालेल्या घरांची पाहणी झाली. अत्याचार विरोधी समितीचा अहवाल 1979 साली छापून आला. पण त्या दिवसांत अटक कोणाला झाली? कोणत्या कलमाखाली? घरे जाळणारे किती आणि ज्यांची घरे जळाली ते किती? हा हिशेब कोणी मांडला?

आमचे गाव नांदेड जिल्ह्यातले, पार कडेचे. मी तेव्हा सातवीत होतो. ऑगस्टमध्ये आमची वस्ती जळाली. पुढे गावात एक बोलणे रूढ झाले: "मदतीच्या पैशासाठी ह्यांनीच आपली घरं पेटवली." त्यात माझ्या चुलत्याचे नाव घेतले जाई. चुलता म्हणे, "मी त्या राती ठाण्यात होतो." ऐकणार कोण? तो हाच ठपका घेऊन वारला.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी कागदाच्या मागे लागलो. माहितीच्या अधिकारात त्या वर्षीचे अटक रजिस्टर मागितले. उत्तर आले, "सदर अभिलेख उपलब्ध नाही." मग एका जुन्या वकिलांनी वाट दाखवली. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या चुलत्याला चॅप्टर केसमध्ये धरलं असणार. ती मिसल ठाण्यात कशाला शोधता? ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढं चालते. तहसीलचं दप्तर बघा."

तहसीलच्या अभिलेख कक्षात चौथ्या खेपेला गठ्ठा सापडला. फौजदारी संहितेचे कलम 107 आणि 151. "दोन गटांत तेढ" असे लिहिलेले आणि खाली पाच जाबदेणार. पाचही आमच्या वस्तीचे. दुसऱ्या गटाचा एकही नाही! चुलत्याच्या नावापुढे त्याचा अंगठा, अटकेची तारीख आणि वेळ. जातमुचलक्यावर सुटका चौथ्या दिवशी. मग महसूल खात्याची जळितांची यादी काढली. वस्ती जळाली ती अटकेच्या दुसऱ्या रात्री. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि गावाचे चाळीस वर्षांचे बोलणे खोटे ठरले.

नकला घेऊन घरी गेलो. चुलतीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "हे कागद तवा कुठं होतं रं?"

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात शोधावे लागते. डी. के. बसू खटल्यात 18 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अटकेची आणि कोठडीच्या जागेची माहिती बारा तासांत जिल्हा नियंत्रण कक्षाला कळली पाहिजे आणि तिथल्या फलकावर लागली पाहिजे. पुढे हे संहितेच्या कलम 41 क मध्ये आले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 प्रमाणे प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयी अटक झालेल्यांचे नाव, पत्ता व गुन्ह्याचे स्वरूप ठळकपणे लावायचे असते. 2016 च्या यूथ बार असोसिएशन खटल्यापासून संवेदनशील गुन्हे वगळता प्रथम खबरही चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा दंडक आहे. म्हणजे आज पोराला रात्री उचलले तर फलक कुठे आहे, हे विचारण्याचा हक्क त्याच्या मायबापाला आहे. कार्यकर्त्याने हा प्रश्न ठाण्यात उभे राहून विचारावा.

जुन्या कागदांसाठी 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांच्या आत एका विषयाचा अर्ज. कारण सांगावे लागत नाही. तीस दिवसांत उत्तर. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. "तपासाला बाधा येईल" असे सांगून कलम 8(1)(ज) पुढे केले जाते. पण बाधा कशी येईल ते दाखवावे लागते. तपास चालू आहे एवढे म्हणणे पुरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 साली भगतसिंग खटल्यात म्हटले आहे. आणि त्याच कलमाच्या पोटकलम 3 प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनेला ही आडकाठी लागूच होत नाही. 1978 ची वही या कायद्याने जन्मतःच खुली केली.

पण वही खुली झाली तेव्हा ती उरली होती का? सरकारी दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ वर्ग कायम राहतो. बाकीचे मुदतीनंतर नष्ट होते. आपल्या अटकेचा कागद मुदतीच्या वर्गात पडतो. म्हणून "उपलब्ध नाही" असे उत्तर आले की तिथे थांबू नये. नष्ट केला असेल तर त्याचा आदेश आणि यादी मागावी. नष्ट केल्याचाही कागद असतो!

लातूरच्या मित्रांना आणखी एक अडचण आहे. लातूर जिल्हा झाला ऑगस्ट 1982 मध्ये. 1978 चे जिल्ह्याचे दप्तर तेव्हाच्या उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तर 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. त्यामागचे निजामी कागद हैदराबादला, तार्नाक्याच्या अभिलेखागारात. उदगीरच्या एका वस्तीचा इतिहास असा चार गावांत आणि दोन-तीन भाषांत विखुरला आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी चार जणांनी तरी उर्दू शिकले पाहिजे.

हे सगळे कशासाठी? अटकेच्या कागदाला समाजात दोन भाव आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामात कैद भोगल्याचा दाखला ज्याच्यापाशी होता तो स्वातंत्र्यसैनिक ठरला. आणीबाणीत कैद झालेल्यांना महाराष्ट्राने 2018 साली मानधन सुरू केले. नामांतरासाठी सोळा वर्षे जे तुरुंगात जात-येत राहिले त्यांच्या कागदावर मात्र "समाजकंटक" एवढेच उरले. 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले, 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. पण त्या लढ्यातील बंदिवानांची साधी यादी आपल्यापाशी नाही. उलट बाजूही पाहा. 1995 नंतर राज्य सरकारने मराठवाड्यातील अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे अकराशेहून अधिक खटले "खोटे" म्हणून मागे घेतले. खटला मागे घ्यायला न्यायालयाची संमती लागते. म्हणजे प्रत्येकामागे एक अर्ज आणि एक आदेश असला पाहिजे. ते किती जणांनी मागून पाहिले?

एक सावधगिरी मात्र हवी. अटक म्हणजे गुन्हा नव्हे. पारधी, कैकाडी यांची नावे 1871 पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने याद्यांत घातली. 1952 साली तो कायदा गेला, पण ठाण्याच्या मनातली यादी गेली नाही. भिंतीवरच्या फलकाने गरिबाच्या पोराला जन्माचा डाग लागू शकतो. म्हणून फलक पोलिसांना जाब विचारण्यासाठी वाचायचा, माणसाला हिणवण्यासाठी नव्हे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. जातीवरून कामे वाटणाऱ्या तुरुंगात हे योग्यच झाले. पण रकाना गेल्याने जात जात नाही. तुरुंगात कोण भरले आहे हे उद्या कोणी विचारले, तर मोजदाद कशावरून करायची? हा प्रश्न आपल्यालाच सोडवावा लागेल.

तोवर एवढे करू या. प्रत्येक तालुक्यात एकाने एका वर्षाची वही मागावी. मिळेल त्याची नक्कल घ्यावी, न मिळेल त्याचे उत्तर जपावे. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना तारखा विचाराव्यात आणि त्या कागदाशी ताडून पाहाव्यात. माझ्या चुलत्याला त्याचा कागद जिवंतपणी मिळाला नाही. ज्यांचे चुलते अजून हयात आहेत त्यांनी उशीर करू नये.