बोरू, काजळी आणि हरताळ

प्राचीन मिसर देशांतील लेखनिकाचें सारें भांडवल एका अरुंद लांकडी पट्टींत मावत असे. टोंकाशीं दोन वाटोळ्या खळग्या, एकींत काजळी, दुसरींत गेरू. मधल्या खांचेंत लव्हाळ्याच्या काड्या. काडीचें टोंक चावून त्याचा कुंचला करीत. तासून चिरलेली बोरूची लेखणी तेथें रूढ झाली ती ग्रीकांच्या अमलांत. त्यांचा ‘कालामॉस’ अरबींत ‘कलम’ झाला आणि फारशीच्या वाटेनें आमच्या दप्तरांत शिरला.

आतां आपल्या गोदातीराकडे वळूं. परभणी जिल्ह्यांतील बोरी गांवच्या भास्करभट्टानें चौदाव्या शतकाच्या आरंभीं ‘शिशुपालवध’ रचिलें. (बोरी आणि बोरू ह्यांवरून व्युत्पत्ति रचण्याचा मोह मी आवरतों.) मराठी ग्रंथ छापूं लागेपर्यंत पुढें सुमारें पांचशें वर्षें असलीं काव्यें जगलीं तीं केवळ नकला करणाऱ्या हातांवर. त्या हातांतील साहित्य मिसरी लेखनिकानेंही ओळखलें असतें. दिव्याची काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यांत घोटघोटून शाई करावयाची; मथळ्यांस हिंगूळ किंवा गेरू. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावीत. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार तेथलाच. बोरूचें टोंक मात्र तिरकें कापीत, त्यामुळें रेघेचा जाडबारीकपणा आपोआप साधे. देवनागरीचा डौल पुष्कळसा त्या तिरक्या छेदाचा आहे, हें पेन्सिलीनें अक्षर गिरविणाऱ्या मुलास कसें उमगावें?

काजळी उन्हानें विटत नाहीं. हिराकसाची शाई कालांतरानें तपकिरी पडते, कागदही खाते. काजळीचें अक्षर काळेंच राहतें. परंतु डिंकाची शाई कागदावर बसते, आंत फारशी मुरत नाहीं. पोथीच्या अखेरीस लेखक सांगतो कीं, पाठ, कंबर व मान मोडून हें लिहिलें आहे. तेल, पाणी व सैल बांधणी ह्यांपासून ह्याचें रक्षण करा. हें पुष्कळांस रूढीचें पाल्हाळ वाटतें. पाण्याविषयींची त्याची धास्ती शाई घोटणाऱ्याची आहे. गळक्या माळवदाखालीं एका पावसाळ्यांत पानेंच्या पानें पुसलीं जात.

आणि आमच्याकडे जीर्ण पोथ्या भक्तिभावानें नदींत सोडण्याची चाल होती! शेंकडों वर्षें न विटलेलें अक्षर तेथें घटकाभरांत विरघळून जाई.